कावेरीबाईंच्या आईचं एक वर्ष

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही—आणि तिच्यापासून तर माझी चोरून खाल्लेली शेवसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यासमोर हे बोलायची छाती नाही, असंही म्हणा हवं तर.

निवृत्तीनंतर मी गुलमंडीमागच्या एका माडीवर वर्ग घेतो. सरकारी दप्तरातून आपली वंशावळ कशी शोधायची, ते शिकवतो. पहिला वर्ग सोपा—कुठला कागद कुठल्या कचेरीत मिळतो, एवढंच. पुढच्या वर्गात निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं वाचायची. तिथं तारखा फसली सनातल्या, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या महसुली वर्षातल्या. फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं; पण महिना जानेवारी किंवा त्यापुढचा असेल, तर पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे. लोक कोष्टक उघडून बसतात. मी तोंडी सांगतो—आणि सांगून झालं की सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो. काय करणार, स्वभाव!

कावेरीबाई वैजापूरहून एसटीनं यायच्या. ऐंशीच्या घरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वर्गात सगळ्यांत नीटनेटकी वही त्यांची. बाकीच्यांना पणजोबा-खापरपणजोबा हवे असत. बाईंना फक्त आईच्या मृत्यूची तारीख हवी होती. त्या जन्मल्या आणि आई गेली, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. मामीनं वाढवलं, पण हाक मारताना 'आईला खाऊन आलेली' म्हणूनच. बाई हे हसून सांगायच्या. ते हसू बघवत नसे.

त्यांचा जन्म आजोळी झाला, नगर जिल्ह्यात. तो इंग्रजी मुलूख, म्हणून जन्माची नोंद इंग्रजी तारखेत होती—मे महिना. आईच्या मृत्यूची नोंद वडिलांच्या गावची, म्हणजे निजामाच्या राज्यातली. त्या पानाची प्रत बाईंनी खटपट करून मिळवली आणि भर वर्गात माझ्यापुढं ठेवली. कारण, ताप. महिना, तीर—म्हणजे साधारण मे. मी ऐटीत पाचशे नव्वद मिळवले. बरोबर बाईंच्या जन्माचं साल निघालं.

"बाई, जन्म आणि मृत्यू एकाच महिन्यातले," मी म्हणालो.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हंजी मामी खोटं बोलत नव्हती. मीच उगं तिच्यावर राग धरून बसले व्हते."

वर्ग सुटला. कागद आवरताना ते पान पुन्हा हाती आलं. तीर. मे. जानेवारीच्या पुढचा महिना—मग पाचशे नव्वद कसे? एक्क्याण्णव. आई आणखी वर्षभर जगली होती! आणि सालाचं सोडा—पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली, तर महिन्याच्या आत ती सासरी येऊन मरेल कशी? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. ती लेकीला घेऊन सासरी परतली होती. वर्षभर तिनं या लेकीला पाजलं, न्हाऊमाखू घातलं, नाव घेऊन हाका मारल्या. मग तापानं गेली.

फोन हातातच होता. केला नाही. पुढच्या वेळी समक्ष सांगू, म्हटलं.

पुढच्या वेळी बाई माझ्यासाठी पिशवीभर गावरान कांदे घेऊन आल्या. वर्ग भरलेला, त्यात दोन नवे चेहरे. अशा वेळी कसं सांगायचं—की तुमचे सर बेरीज चुकले? मी कांदे घेतले. वर्ग सुटल्यावर बाई भिंतीला धरून जिना उतरू लागल्या. मी सोबत होतो, जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं? नाही सांगितलं. म्हणजे वर्ग भरलेला होता, हे कारण नव्हतंच, नाही का? मला माझी शान प्यारी होती. एका म्हातारीच्या आईपेक्षा प्यारी होती.

त्यानंतर बाई येईनाशा झाल्या. मला खरं तर बरंच वाटलं—हेही सांगून टाकतो. बऱ्याच महिन्यांनी मनाचा हिय्या करून फोन लावला. मुलीनं उचलला. बाई गेल्या होत्या. मुलगी बोलत राहिली. शेवटच्या वाढदिवसाला नातवंडांनी हौसेनं केक आणला होता. एरवी बाई पोरांच्या हट्टाखातर एखादा तुकडा तरी खायच्या, यंदा शिवल्याही नाहीत. "आईला मारलं त्या दिवसाचा केक कापू व्हय?" म्हणाल्या. "आता तर सरकारी कागदावर हाय."

मी ऐकत होतो. सांगायला अजूनही उशीर झाला नव्हता. निदान लेकीला तरी आपल्या आईबद्दल कळलं असतं. ती रडत होती. आईला तुमच्याबद्दल फार आदर होता, म्हणाली.

"फार चांगल्या होत्या हो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

बाईंच्या आईनं बाईंना वर्षभर मांडीवर खेळवलं होतं. हे सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होतं. बाई आपण आईला मारलं असं समजूनच गेल्या.