मार्करचा हात

"घ्या ताई, सावकाश घ्या," असं म्हणत आमचे मास्तर चेंडू मारायचे, आणि तो चेंडू बरोबर आपल्या रॅकेटपाशी येऊन टप्पा घ्यायचा. आपण कुठंही उभं असा, रॅकेट कशीही वेडीवाकडी धरा, चेंडू जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखा हजर! तुम्हीही कुणाकडून तरी काहीतरी शिकला असाल. पण इतक्या लाडानं शिकवणारा माणूस तुम्हाला भेटला नसेल, पैजेवर सांगते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडला आमचं कॉलेज नवंच निघालं होतं. आवारात जुन्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं, म्हणून मुलींना शिकवायला मास्तर ठेवले. पन्नाशीचे, काटक, खाकी सदरा, डोक्याला फेटा. मूळचे चाकणकडचे. आम्ही सात-आठ जणी होतो. त्यात मी रहाटणीची, शेतकऱ्याची पोर. कोर्ट शेणानं सारवलेलं असायचं. शहरातल्या मुली नाकाला पदर लावायच्या. मग मास्तर मला म्हणायचे, "ताई, तुमीच हात लावा. ह्यांना सारवाय येत न्हाई, टप्पा वाकडा पडंल." मी पाचवारी खोचून बसायची सारवायला. घरी आई विचारायची, "कॉलेजात जाऊन शेणच काढतीस व्हय गं?"

वर्षभरात आमचा खेळ असा बसला की एकेक चेंडू चाळीस-चाळीस वेळा जाळीवरून जायचा-यायचा. बघणारे खूश. पण सामने? पुण्याच्या कॉलेजांशी पाच खेळलो, पाचही हरलो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मास्तरांना बोलावून आमच्यासमोरच सांगितलं, "पुढचा सामना हरलात तर मुलींचं टेनिस बंद. कोर्टावर सायकल स्टँड बांधतो." म्हणजे मास्तरांची नोकरीही गेलीच की! मास्तर नुसतं "जी साहेब" म्हणाले. मला मात्र रडू कोसळलं. अख्ख्या दिवसात तो एकच तास माझा होता हो.

रडता रडता मला पाचव्या सामन्यातली मुलगी आठवली. जिंकल्यावर ती मला म्हणाली होती, "किती छान खेळता तुम्ही! बॉल अगदी हातात आणून देता." अगं बाई! मी तडक मास्तरांकडे गेले. म्हटलं, "मास्तर, समोरचीला चुकवायचं कसं, ते तुम्ही आम्हाला शिकवलंच नाही."

मास्तर जाळीची दोरी बोटांनी पिळत खाली बसले. मग सांगायला लागले. छावणीतल्या गोऱ्यांच्या क्लबात ते वीस-बावीस वर्षं मार्कर होते. मार्कर म्हणजे साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस. "सायबाचा हात बसवायचा, हेच आमचं काम. एकदा जवानीच्या रगीत एका मेजराला हरवला. महिनाभर घरी बसवला मला. तवापासनं चेंडू सायबाच्या पुढ्यात म्हंजे पुढ्यात. आता ह्यो हात दुसरीकडं जातच न्हाई, ताई." मला त्या माणसाची फार माया आली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीनच धडा काढला. "मी हाय तिथं मारू नका. मी न्हाई तिथं मारा." स्वतः मात्र आमच्या हातातच द्यायचे, आणि आम्ही त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचो. फेटा घामानं चिंब, धाप लागलेली, आणि चेंडू चुकला की हा गडी खूश! "शाब्बास! मेलो बघा!"

सामना आम्ही जिंकलो. तीनपैकी दोन लढती. शेवटची लढत माझी होती. अखेरच्या चेंडूला समोरची डावीकडे घसरली, आणि देवाशपथ, माझा हात सवयीनं तिच्याकडेच वळत होता. कसाबसा उजवीकडे ढकलला. सायकल स्टँड ग्रंथालयामागं गेला आणि मास्तर कोर्टावर राहिले. पुढं वीसेक वर्षं किती मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. माझी धाकटी जाऊसुद्धा. आता मास्तरांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

मला मात्र आठवते ती सामन्यानंतरची सकाळ. मी कोर्टावर पोचले तर मास्तर रॅकेट घेऊन तयार. आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "ताई, एक गेम खेळता का माज्यासंगं? जिंकायचा म्हनून."

पहिला चेंडू नेहमीसारखा माझ्या पुढ्यात आला. मी तो त्यांना चुकवून मारला. मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि पुढचा चेंडू रेषेला लागून असा सणसणीत काढला की मी जागची हलले नाही. मग तसाच दुसरा, तिसरा, चौथा. एकालाही माझी रॅकेट लागली नाही.

गेम संपला तसे मास्तर घाबरेघुबरे होऊन जाळीपाशी आले. "ताई, रागावला न्हाई ना?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "नाही हो मास्तर. अजून एक खेळा."

तोही त्यांनी जिंकला.