वैशाली टेलर्स, सुवर्ण गट

रविवारी पळसदरीला सासुरवाडीला गेलो होतो. वैशाली गेल्यापासून तिकडे जाणं कमी झालंय, पण सासूबाईंना भेटायचं होतं. जेवून ओटीवर बसलो आणि खिशातला वैशालीचा फोन वाजला.

तिचा फोन मी अजून चार्ज करून जवळ ठेवतो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही...

मेसेज तिच्या गोल्फच्या गेमचा होता. नव्या अपडेटनंतर खेळता खेळता लोकांचं कनेक्शन तुटतंय, दुरुस्ती चालू आहे, गैरसोयीबद्दल सगळ्यांना नाण्यांची पेटी भेट.

आता गोल्फ म्हटल्यावर काही जण हसतील. दहिवलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोन मशिनला टेकवून ती हा गेम खेळायची. खरं मैदान तिनं एकदाच पाहिलं, खालापूरकडे जाताना, रिक्षातून, कुंपणाबाहेरून. "एवढं गवत आनि एक म्हैस नाय," एवढंच म्हणाली होती.

पण खेळायची मात्र छान. वारा कुठून आहे, चेंडू किती वळेल, हे तिला बरोबर समजायचं. बघता बघता ती सगळ्यात वरच्या, सुवर्ण गटात पोचली. गेममध्ये नावही दुकानाचंच ठेवलं होतं... वैशाली टेलर्स.

दुकानाचा गाळा मी गेल्या महिन्यात सोडला. पाटी उतरवून घरी माळ्यावर ठेवली. तेव्हा तिचं ते नाव आता कुठे दिसत असेल तर त्या गेममध्येच.

पेटी घ्यायला गेम उघडला तर खाली सूचना होती. खूप दिवस खेळ नाही, आज एक तरी सामना जिंकला नाही तर नाव खालच्या गटात जाईल.

माझा मेहुणा महेश शेजारी येऊन बसला. त्यानंही वाचलं.

"भाऊजी, ताईचं नाव खाली जानार हाय. खेळा की."

"मला कुठे येतं?"

"नाय आलं तरी खेळा. पेटीतली नाणी हायत ना, लावा."

लावली. समोर कोणीतरी परदेशी खेळाडू आला, झेंडा काही मला ओळखता आला नाही. कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालेल तो जिंकणार, एवढं मला माहीत होतं. दोघांनी सारख्याच फटक्यांत चेंडू खड्ड्याजवळ आणला. माझा कसा आला, मलाच नवल वाटलं.

आता पाळी त्याची होती... आणि त्याच्या नावापुढे तुटलेल्या तारेची खूण आली. मेसेजमधला तोच बिघाड. वेळ संपला, न मारताच त्याचा एक फटका मोजला गेला. माझा चेंडू खड्ड्यापासून हातभर. नुसता ढकलला की सामना माझा, आणि तिचं नाव जागेवर.

"मारा!" महेश म्हणाला.

मला तिची दुपार आठवली. समोरच्याचं नेट गेलं की ती मुद्दाम आपला चेंडू तळ्यात मारायची. तिचाही एक फटका वाया, म्हणजे पुन्हा दोघं सारखे. सुट्टीच्या दिवशी मी दुकानात बसून डबा खाताना म्हणायचो, अगं, आयतं मिळतंय तर घे की. "त्याचं नेट गेलं, त्यात त्याची काय चूक? तुमी गप जेवा." आणि मग थोड्या वेळानं एकटीच हसायची. "टोपी उचलली बघा त्यानं." कसली टोपी, कोणी उचलली... मी कधी विचारलं नाही.

मी चेंडू तळ्यात मारला.

"येडे हाय का तुमी, भाऊजी?" महेश जवळजवळ उठलाच.

तेवढ्यात समोरचा परत आला. त्यानं एका फटक्यात चेंडू खड्ड्यात घातला. माझी पाळी आली, चेंडू पुन्हा जुन्या जागी होता, पण माझा कडेवरून निघून गेला. हरलो. वैशाली टेलर्स खाली, रजत गटात.

महेश पुन्हा खाली टेकला. मग म्हणाला, "ताई पन अशीच. लहानपनी आट्यापाट्या खेळताना समोरचा पडला की ही थांबायची. हिच्यामुळं कायम हरायचो आमी."

घरात सासूबाई ऐकत होत्या. "आनि घरी येऊन तूच रडायचास रं," त्या आतून म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज जरा मोकळा वाटला.

फोन बंद करणार, तर पडद्यावर एक छोटं चित्र आलं. समोरच्या खेळाडूनं पाठवलेलं... एक माणूस, डोक्यावरची टोपी उचलून मान लववणारा.

म्हणजे ही ती टोपी.

कोण तो, कुठला, कोण जाणे. त्याला माहीत नाही की वैशाली टेलर्स आता नाही. त्यानं टोपी तिच्यासाठीच उचलली, आणि तो मान तिचाच होता. मी फक्त तिच्या वतीनं मान हलवून तो घेतला.