आयुष्यभर पुरणारं तेल

"माणसाने आयुष्यात दोन निर्णय पूर्ण विचारांती घ्यावेत. एक जोडीदाराचा आणि दुसरा गिअरबॉक्समधल्या तेलाचा."

सबनीससाहेबांनी हे वाक्य उभ्याने उच्चारलं तेव्हा मी त्यांच्या मोटारहोमखाली उताणा पडलो होतो. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. मागून उषाताईंचा आवाज आला.

"मला बघायला आलात तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत हो म्हणाला होतात. तेलाला काही वर्षं लागली."

चपला जराशा हलल्या. 

माझं काम ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. बरीच वर्षं मोठ्या वर्कशॉपमध्ये काढली, आता भुकूममध्ये स्वतःची शेड आहे. लोकांच्या गाड्या मी लांबच्या रस्त्याला लावून देतो. माझा स्वतःचा रस्ता भुकूम ते पौड आणि परत. सबनीसांचा बंगला कासार आंबोलीला, आणि बंगल्याच्या उतारावर ही मोटारहोम. परदेशी बनावटीची जुनी गाडी, आत ओटा, सिंक, पडदे. सबनीस विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी ती कोणाकडून तरी घेतली. ऑटोमॅटिकच घ्यायची, ही अट उषाताईंची. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. कोकणाची किनारपट्टी त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटून काढतील. पण प्रत्यक्ष कोकणात गेल्या त्या कायम सबनीसांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून, मध्ये डब्यांची पिशवी घेऊन. आता त्यांना ताम्हिणीचा घाट स्वतः गाडी चालवत उतरायचा होता. क्लचशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, म्हणून ऑटोमॅटिक.

गाडी आली आणि उतारावर उभी राहिली. का, तर तेल बदलल्याशिवाय निघायचं नाही, आणि तेल ठरत नव्हतं.

ऑटोमॅटिकमधलं तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे, हे इथे सांगायला हवं. साध्या गाडीत इंजिन आणि चाकांमध्ये क्लचची तबकडी असते. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. इंजिन तेल ढवळतं, ढवळलेलं तेल पुढचं पात्यांचं चाक फिरवतं. त्याच तेलाच्या दाबाने गिअर पडतात आणि त्यानेच सगळं थंड राहतं. ते लाल असतं, कारण त्यात रंग घातलेला असतो, गळलं तर कुठलं गळलं ते कळावं म्हणून. बाकी लाल रंगाला काही अर्थ नाही. कुठलं घालायचं, याचं उत्तर गाडीच्या पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. ती ओळ वाचायची आणि ते आणायचं. काही कंपन्या सांगतात की हे तेल आयुष्यभर पुरतं. आयुष्य कोणाचं, ते सांगत नाहीत.

सबनीसांनी ती ओळ वाचली होती. मग ती ओळ बरोबर आहे का, यावर जगभरातल्या लोकांनी इंटरनेटवर काय लिहिलंय तेही वाचलं होतं. शेडमध्ये चार-पाच कंपन्यांचे कॅन उभे होते, सगळे सीलबंद.

मला बोलावलं ते मात्र तेलासाठी नाही. आदल्या आठवड्यात उषाताईंनी कोणाला न विचारता किल्ली घेतली, गाडी चालू केली आणि लिव्हर डीवर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, टाकला. इंजिन जोरात ओरडलं, गाडी दोन हात सरकली आणि फाटकाच्या चढावर जी थांबली ती थांबलीच. मागे घरंगळायला लागली तसा त्यांनी ब्रेक दाबला.

"माझ्याकडूनच काहीतरी चुकलं," त्या मला म्हणाल्या. "हे म्हणतात तसं. वय झालं."

"मी असं म्हणालो नाही," सबनीस म्हणाले.

"तुम्ही म्हणाला नाहीत. उसासा टाकलात."

मी गाडी चालवून पाहिली. तेच झालं. इंजिन ओरडतंय, चाकं ऐकत नाहीत. याला आम्ही स्लिप म्हणतो. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत हे दिसलं की पहिली शंका गिअर धरणाऱ्या आतल्या बारक्या क्लचप्लेट्सची येते. तेलाची नाही आली, ते साहेब दर रविवारी बघतात म्हणाले होते. मी दोघांना खरं ते सांगितलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पार्ट बाहेरून येतील. होळी तरी उजाडेल.

उषाताईंनी मान हलवली आणि घरात गेल्या. सबनीस चष्मा पुसत म्हणाले, "शिंदे, पुढच्या महिन्यात तिचं लायसन्स संपतंय. डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेची नजर कमी होत चाललीय. डॉक्टर म्हणाले, सध्या चालवायला हरकत नाही, दिवसा, सावकाश. पण पुढच्या सर्टिफिकेटवर सही करणार नाही म्हणाले."

म्हणजे दिवाळी झाली होती आणि हातात जेमतेम महिना होता. होळीला गाडी नीट करून द्यायची तर ती सबनीसांना चालवायला. ते सगळं आयुष्य स्कूटरवर हिंडलेले.

मी म्हटलं, उतरवायच्या आधी खालची परात उघडून बघू. गिअरबॉक्सच्या बुडाला पत्र्याची परात असते, तिला पॅन म्हणतात. तिच्यात तेल साठतं आणि एक चुंबकही असतो. आत काय झिजलं, ते चुंबक सांगतो. राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज. पण धातूचे तुकडे असतील तर गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची आणि मग बोलायचं.

एका कोपऱ्याचे बोल्ट सैल केले. तेल आलं. काळपट, पण जळका वास नव्हता. परात उतरवली तर चुंबकावर बारीक लेप, तुकडे नाहीत. गिअरबॉक्स ठणठणीत होता. पण तेल येता येता मध्येच थांबलं होतं. जितकं यायला हवं त्याच्या निम्मंही आलं नव्हतं.

खाली जमीन कोरडी होती, कुठेही गळतीचा डाग नव्हता.

"साहेब, या गिअरबॉक्समधून कोणी तेल काढलं होतं का?"

"काढलं म्हणजे," सबनीस म्हणाले, "जास्त झालेलं तेवढंच काढलं."

ते शेडमध्ये गेले आणि जॅमच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आले. प्रत्येक बाटलीत थोडं थोडं लाल तेल होतं. झाकणं घट्ट लावलेली.

दर रविवारी सकाळी, गाडी थंड आणि बंद असताना, ते डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून बघायचे. स्कूटर आणि इंजिन ऑइल बघायची हीच पद्धत आहे आणि त्यांनी ती जन्मभर पाळली होती. पण ऑटोमॅटिकचं उलटं असतं. गाडी बंद असली की वरच्या भागातलं तेल सावकाश खाली परातीत उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसते. त्यात गाडी उतारावर. सबनीसांना दर रविवारी तेल जास्त दिसायचं आणि जास्तीचं ते सिरिंजने काढून ठेवायचे. टाकायचं कसं, म्हणून नमुना म्हणून जपायचे.

उषाताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं होतं, शिंदेभाऊ?"

मी चुंबक पुसत राहिलो. काही उत्तरं मेकॅनिकने द्यायची नसतात.

"मीच काढत होतो तेल," सबनीस म्हणाले. "गाडीत तेलच नव्हतं."

"म्हणजे माझं ड्रायव्हिंग नव्हतं."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं. "आणि मी विचारत होते, जॅमच्या बाटल्या जातात कुठे."

परात धुतली, फिल्टर आणि गॅस्केट नवीन लावलं. पुस्तकातल्या ओळीतला कॅन रांगेत दुसऱ्या नंबरवरच उभा होता. तो फोडताना सबनीसांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. लांब नरसाळ्याने तेल ओतलं. मग उषाताईंना म्हटलं, तुम्हीच काढा बाहेर. लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत डीवर आणा. गाडी न ओरडता फाटकातून वर गेली.

पातळी ठरवायला सपाट जागा लागते, गाडी गरम लागते आणि इंजिन चालू. आमच्या भागात सपाट जागा बंगलेवाल्यांनी शिल्लक ठेवलेली नाही. माले गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पड माळ आहे, तिथवर गेलो. माळावर मेंढरं बसवलेली. कोकणात उतरायला निघालेला धनगरांचा तळ होता. घोड्यावरून भांडीकुंडी उतरवणारी एक बाई गाडीच्या दाराशी आली आणि आत बघायला लागली.

"ह्यात ऱ्हाता व्हय?" तिने उषाताईंना विचारलं.

"अजून नाही राहिलो."

"मंग कवा? कवा घेतली?"

"झाली वर्षं."

"आन् उभीच?" तिने सबनीसांकडे पाहिलं. "आजारी हुती का काय?"

"तेल ठरत नव्हतं," उषाताई म्हणाल्या.

"आमचं घर घोड्यावं आसतंय. घोडं तेल न्हाई मागत. कुटं निगाला?"

"खाली. समुद्रावर."

"आमी बी खालीच. चला की मंग."

ती घोड्याकडे परत गेली. उषाताई तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

मी डिपस्टिक पुसून घातली, काढली. थोडं तेल कमी होतं, घातलं. सबनीस माझ्या शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "शिंदे, ऑइलचं एक निमित्त होतं हो. गाडी उभी आहे तोवर आपल्याला जायचं आहे, असं म्हणता येतं. एकदा जाऊन आलो की मग काय?"

 मी त्यांच्या हातात फडकं दिलं आणि डिपस्टिक धरायला सांगितली. इंजिन चालू होतं, गाडी गरम होती. खूण बरोबर मध्ये होती. त्यांनी ती उन्हात धरून दोनदा पाहिली.

एकदा परात रिकामी केल्याने सगळं तेल बदलत नाही, बरंच जुनं तेल वरच्या भागात अडकून राहतं. म्हणून गाडी थोडी फिरवून पुन्हा बदलतात. दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा गाडी फाटकाबाहेर होती आणि आत डबे भरून झाले होते. काम संपवलं आणि त्यांना घाटासाठी एवढंच सांगितलं की उतारावर लिव्हर डीवर ठेवू नका, २ वर घ्या, म्हणजे गिअरच गाडी धरून ठेवतो आणि ब्रेक तापत नाहीत. उषाताई मान हलवत होत्या. सबनीस शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन.

गाडी पौडच्या दिशेने वळली. वळायचा दिवा बरोबर लावला होता. मी रस्त्यावर उभा राहिलो, दिसेनाशी होईपर्यंत. पुढे माले, मग धरणाचं पाणी, मग ताम्हिणी. हा रस्ता मला तोंडपाठ आहे, गिऱ्हाइकांकडून ऐकून.

संध्याकाळी उषाताईंचा फोन आला.

"शिंदेभाऊ, घाट मी उतरले. सगळा. २ वर."

"गाडी तापली?"

"नाही. हे तापले, वळणांवर.  मग म्हणाले, इथून चांगलं दिसतं." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "समुद्र समोर आहे. नकाशात आम्ही निळा रंग द्यायचो ना, तसा नाही. मातकट आहे. निळा नाही दिला म्हणून किती वर्षं मी मुलांचे मार्क कापले."

"आता काय करताय?"

"काही नाही. बघतेय. कडेचं थोडं जातं, पण समोरचं अख्खं दिसतंय."

मग फोन सबनीसांनी घेतला आणि तेलाची पातळी उद्या सकाळी बघू का, असं विचारलं. मी म्हटलं, बघा, पण सपाट जागी, गाडी गरम झाल्यावर आणि इंजिन चालू ठेवून. आणि सिरिंज घरी ठेवली असेल तर उत्तम.

पुढल्या महिन्यात ताईंचं लायसन्स संपलं. त्याआधी गाडी त्यांनीच घाट चढवून परत आणली. ऑटोमॅटिकवाल्यांनी यातून घ्यायचं ते इतकंच की तेल निवडणं सोपं असतं, बघणं अवघड. राहता राहिला त्या चाकांवरच्या घरातला मुक्काम. दोघांनी कोकणातल्या तिन्ही रात्री लॉजवर काढल्या. गाडीतला पलंग सबनीसांना वीतभर आखूड पडला. इतक्या वर्षांत त्यावर आडवं होऊन कोणी पाहिलं नव्हतं.