सुब्बाराव घोरपडे, द्वारा पोस्ट ऑफिस

सुब्बाराव घोरपड्यांना पत्ता विचारायचा म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. एकतीस वर्षं त्यांनी बंगळुराच्या शिवाजीनगरात घरोघर टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अंगातला पोस्टमन काही उतरला नव्हता. कुणी बिचारा "देवळाजवळ राहतात" म्हणाला, की हे डाफरत, "देवळाजवळ म्हणजे? कुठलं देऊळ, कुठली गल्ली, कितवा क्रॉस? पत्त्याशिवाय माणूस शोधायला निघालात होय?" आणि मग त्याला थेट दारापर्यंत सोडून येत. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कुणाला पत्ता विचारला नव्हता. वाट चुकलीच, तर चुकलेल्या वाटेनं ते ताठ मानेनं चालत राहत.

अशा माणसावर पंच्याण्णव साली दावा पडला, तोही पत्त्यावरूनच. जुने घरमालक वारले आणि घर त्यांच्या पुतण्याकडे, प्रदीपकुमारकडे आलं. त्याला ते रिकामं हवं होतं. मधे सून बाळंत झाली म्हणून सुब्बाराव आणि शारदाबाई महिनाभर कोरमंगलाला लेकाकडे राहिले होते. तेवढ्यात या पठ्ठ्यानं दाराच्या कुलुपाचे फोटो काढले आणि कोर्टात सांगितलं, की भाडेकरू इथं राहतच नाहीत, घर बंद असतं, सबब ताबा मिळावा. भाडेचिठ्ठी नवराबायको दोघांच्या नावावर, म्हणून दावाही दोघांवर.

"तीस वर्षं मी त्या चुलीपुढं बसले, आणि मी तिथं राहत नाही म्हणतो?" शारदाबाई म्हणाल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

वकील वेणुगोपाल यांनी जबाब लिहून दिला. शुक्रवारी साडेचारच्या आत तो कोर्टाच्या काउंटरवर गेला पाहिजे, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल, हेही बजावलं. त्यांना स्वतःला त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात उभं राहायचं होतं. "समन्सवर पत्ता आहे. द्यायचं, शिक्का घ्यायचा, यायचं. सापडेल ना?"

"मला विचारता?" सुब्बाराव म्हणाले.

शुक्रवारी अकराला ते समन्सवरच्या पत्त्यावर हजर झाले. तिथं रंगाऱ्यांनी शिड्या लावल्या होत्या आणि ऑफिसात चुन्याच्या बादल्यांखेरीज काही नव्हतं. पहारेकरी स्टुलावरून उठला. "ऑफिस हललं की, अण्णा. ते आता..." एवढं म्हणून त्यानं हात वर केला.

"असू दे, असू दे. ठाऊक आहे मला," म्हणत सुब्बाराव मागे वळलेसुद्धा. त्यांना काडीचंही ठाऊक नव्हतं.

पण डोकं पोस्टातलं होतं. कोर्ट हललं तरी त्याचं टपाल कुणीतरी पोचवत असणारच, असा त्यांनी विचार केला आणि तडक त्या भागाचं पोस्ट गाठलं. तिथंही पत्ता विचारला नाहीच. फक्त कोर्टाचं टपाल कुणाच्या बीटावर, म्हणजे वाटपाच्या फेरीत आहे, एवढी चौकशी केली. बीट हरीचं निघालं. हरी त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता दुपारच्या वाटपाला निघायच्या तयारीत होता.

"मामा, कोर्टात जायचंय? मग असं करा..."

"मी विचारलं का तुला? तू तुझं बीट कर. मी येतो मागून."

"पण कोर्ट अगदी शेवटी येतं, मामा. आधी कोर्ट करू का? स्वल्प वळसा पडेल, एवढंच."

आता, बीटाचा क्रम जीव गेला तरी मोडायचा नाही, हे हरीला कुणी शिकवलं होतं? सुब्बाराव "क्रमानं जा," म्हणाले.

मग ती वरात निघाली. पुढे हरी आणि मागे छातीशी फाईल धरलेले सुब्बाराव. दर दारी हरीची काही ना काही चूक निघे. पत्र फटीतून सरकवलं म्हणून एकदा, मनीऑर्डरचा अंगठा पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा. एका आजीबाईंनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं. हरी घड्याळाकडं बघू लागला, तर सुब्बारावांनीच ते घेऊन सगळं वाचलं, वर पुन्हा एकदा वाचलं. तीन वाजले, साडेतीन झाले, तशी त्यांची टीका कमी होत गेली. पावणेचारला हरीनं पुन्हा पत्र फटीतून सरकवलं, तेही त्यांनी चालवून घेतलं. शारदाबाईंनी सकाळी पाठवताना फाईलला कुंकू लावलं होतं. ते कुंकू आता घामानं शर्टाला लागलं होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या तोंडून शब्द निघाले. "हरी, बाबा, कुठं आहे रे ते कोर्ट?"

हरी बिचारा थबकलाच. मग त्यानं बीट तिथंच सोडलं, मामांचा हात धरला आणि दोन गल्ल्या ओलांडून त्यांना नेलं ते त्याच चुन्याच्या इमारतीच्या मागच्या अंगाला. रंगकामापुरतं ऑफिस मागच्या चाळीत हलवलं होतं. सकाळी पहारेकऱ्यानं हात वर केला होता तो इकडे दाखवायला.

काउंटरवर रूपश्री नावाची बाई होती. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं पानं उलटली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"नोटिसा पाठवायचा पत्ता... 'द्वारा पोस्ट ऑफिस'? हे काय, सर?"

"माझं टपाल तिथंच येतं. वकिलांना मीच सांगितलं. पोस्टमनचं पत्र पोस्टमननं कशाला आणून द्यायचं? मी सॉर्टिंगमधूनच काढून घेत होतो, आता पेन्शनीला गेलो की घेतो."

"मालक म्हणतो तुम्ही त्या घरात राहत नाही, आणि तुम्ही लिहून देता पोस्टात राहतो? जज्जसाहेब कुणाचं खरं मानणार?"

सुब्बारावांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. आख्ख्या शिवाजीनगराला पत्त्यावरून झापलेला हा माणूस, आणि त्याच्या राहत्या घरी तीस वर्षांत टपालानं एकही पत्र आलेलं नव्हतं. शारदाबाईंच्या आईची पत्रंसुद्धा पोस्टाच्या पत्त्यावर येत. संध्याकाळी सुब्बाराव ती पत्रं खिशातून काढून, भाजीच्या पिशवीबरोबर बायकोच्या हातात देत. त्यात काही वावगं आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"खोडा आणि सही करा," रूपश्री म्हणाली. "घराचा पत्ता लिहा, दोघांची नावं लिहा. दोन नोटिसा येतील. घरी कुणी तरी असेल ना घ्यायला? एक जरी 'घर बंद' शेरा मारून परत आली, तर संपलं बघा."

"बायको असते," सुब्बाराव म्हणाले. "ती असतेच."

त्यांनी घराचा पत्ता लिहिला. घाईत अक्षर बिघडलं. दुसऱ्या कुणी असलं अक्षर काढलं असतं, तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. शिक्का पडला तेव्हा चार सत्तावीस झाले होते.

तीन आठवड्यांनी नोटिसा आल्या. शिवाजीनगराच्या बीटावर आता अवधूत नावाचा नवा पोस्टमन होता. त्यानं दारात उभं राहून आवाज दिला, "पोस्ट! शारदाबाई घोरपडे!"

सुब्बाराव सवयीनं उठले आणि दोन पावलांवर थांबले. शारदाबाई पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या. अवधूतनं पोचपावती पुढं केली. त्यांनी तिच्यावर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मग दोन लिफाफ्यांपैकी आपला तेवढा घेतला. नवऱ्याचा पोस्टमनच्याच हातात राहिला. तो सुब्बारावांनी सही करून घेतला, पण आधी तिचा उघडू दे, म्हणून तसाच हातात धरला.

ती सही पुढं फायलीला लागली. घर बंद असतं म्हणणाऱ्या प्रदीपकुमारला तिच्यापुढं काही बोलता येईना, आणि वर्षभरानं त्याचा दावा फेटाळला गेला. पण त्या दुपारी यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. सुब्बाराव नुसते अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होते.

"अगं, उघड की. तारीख कधीची आहे ते तरी बघू."

शारदाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. लिफाफा उलटासुलटा करून त्यावरचं आपलं नाव, घराचा नंबर, क्रॉस, सगळं बोट ठेवून वाचत होत्या. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही.

"थांबा की स्वल्प," त्या म्हणाल्या. "माझं पत्र आलंय. मी उघडीन सावकाश."

सुब्बाराव "सरी, बरं" म्हणाले आणि त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसून राहिले.