चुकलेला टाका

आई गेली तेव्हा तिचा टीव्हीवर टाकायचा क्रोशाचा रुमाल अर्धा राहिलेला. तो पुरा करायचा म्हणून निवृत्तीनंतर मी वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे साखळी शिकायला जाऊ लागलो. मी दोरा असा आवळायचो की सुईच अडकायची.

"हौले हौले, भाऊ. दोऱ्याचा गळा नका दाबू," म्हणत मावशी माझी साखळी सर्रकन उसवायच्या. एक टाका चुकला तरी सगळी.

परवा शहाणपणा करून मी रुमालाचा लोंबता दोरा ओढला आणि आईची शेवटची ओळ उसवली. मला मान वर करवेना. मावशींनी चष्मा पुसला, खालच्या ओळी बोटांनी चाचपल्या आणि ती ओळ विणून दिली.

आई प्रत्येक ओळीच्या टोकाला एक टाका विसरायची. मावशींनीही तो तिथे सोडला होता.