उडी मारण्याआधी तो कपडे का घालतो

वरोऱ्यात स्टेशन रोडला माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तहसीलचे अर्ज, जे येईल ते करतो. स्वभाव तापट. लोकांची अक्षरं वाचून वाचून डोकं फिरलं असं मी सांगतो, बायको म्हणते आधीपासूनच फिरलेलं होतं. तर अशा माझ्यासमोर एक दिवस एका म्हाताऱ्या बाईंनी चार जाड वह्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "याचं पुस्तक करायचंय. घाई नाही, पण चुका चालणार नाहीत."

बाई मूळच्या नगरकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो. अक्षर मोत्यासारखं, म्हणून काम घेतलं. विषय वाचून मात्र कपाळाला हात लावला. बायबलाच्या काळातलं रोजचं जगणं, खोदकामात सापडलेल्या वस्तूंवरून. मी मनात म्हटलं, झालं, आता महिनाभर प्रवचन टाइप करा.

प्रवचन कुठंच नव्हतं. दळायची जाती होती. रांजण, दिवे, चुली, धान्याची पेवं होती. तिकडच्या लोकांनी मातीचे थर एकेक करून उलगडले, खापराच्या कडेवरून भांडं कोणत्या काळातलं ते ओळखलं, जळक्या दाण्यांवरून काय पेरत होते ते शोधलं. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई कोणत्या जात्यावर दळत होती आणि त्या दळण्यानं तिचे गुडघे कसे झिजले होते, हे वाचताना माझी बोटं थांबायची. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी पुढचं पान उलटायचो.

मग मासेमारीचं प्रकरण आलं.

त्यात फोटो होते. दुष्काळात गालीलच्या सरोवराचं पाणी उतरलं तेव्हा चिखलात सापडलेली एक जुनी नाव. दहा जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून जोडून चालवलेली. कोळ्यांच्या घरांच्या जमिनीखाली मिळालेले गळ. आणि मधे भोक असलेले दगड. त्याखाली सिस्टरांनी लिहिलं होतं, "उपयोग नक्की नाही. मागाला लावत असावेत किंवा जाळ्याला." मी फोटो डोळ्यांजवळ धरला. भोकाची एकच बाजू घासलेली होती. दोरी एकाच बाजूनं ओढली की असंच होतं.

"जाळ्याचे आहेत," टाइप केलेली पानं तपासायला आलेल्या सिस्टरांपुढं मी बोलून गेलो.

पुढं त्यांनी लिहिलं होतं की सकाळी कोळी स्वच्छतेसाठी जाळी धूत. मी म्हटलं, "सिस्टर, स्वच्छतेसाठी नाई. सुताचं जाळं धुऊन वाळवलं नाई तं सडते. अन् रात्रीच काऊन धरत होते? दिवसा मासोळीले सूत दिसते. नायलॉन आल्यापासून तो त्रास गेला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची तर शेती ना? तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या गावात ढिवर आहेत, मासे धरणारे," मी म्हणालो.

इथं खरं सांगून टाकतो. आमच्या गावात ढिवर आहेत, त्यातले एक माझे वडील. शेती आमच्या सात पिढ्यांत नाही. चिमूरच्या पुढं आमचं गाव, गावाला मोठा तलाव, त्यावर आम्ही जगलो. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. बसलाच तर नाक धरून, सगळ्यांना दाखवत. वरोऱ्यात दुकान टाकलं तेव्हा घरमालकानं विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो शेती. सोयाबीन. एकदा म्हटलं की म्हटलं, मग वीस वर्षं तेच. एकदा बाबा पिशवीत मासे घेऊन दुकानात आले आणि गिऱ्हाइकानं तोच प्रश्न केला, तेव्हाही त्यांच्यासमोर मी तेच उत्तर दिलं. त्यानंतर दुकानात येताना त्यांनी कधी मासे आणले नाहीत. याची मला लाज वाटते, पण तेव्हा उलट बरं वाटलं होतं.

सिस्टरांचं गाडं एका ठिकाणी अडलं होतं. बायबलातली गोष्ट अशी. गुरू मारला गेलाय, शिष्य आपल्या जुन्या धंद्याला परत लागलेत, रात्रभर नावेत आहेत. पहाटे काठावर कोणीतरी उभं दिसतं. तो मरणातून उठलेला गुरूच आहे हे कळताच त्यातला एक कोळी, जो कामासाठी उघडाच होता, आधी अंगात कपडा घालतो आणि मग पाण्यात उडी मारतो.

"उलटं नाही का हे?" सिस्टर म्हणाल्या. "पोहायचं तर माणूस कपडे काढतो. हा घालतो. लहानपणापासून मला याचं कोडं आहे. मोठमोठ्या पंडितांनी लिहिलंय, पण एकानंही जाळं ओढलेलं नाही. मला खऱ्या कोळ्याला विचारायचंय. तुमच्या गावी न्या मला."

मी टाळलं. आधी रस्ता खराब आहे म्हणालो, मग गाडी बिघडली, मग ढिवर लोक बाहेरच्यांशी बोलत नाहीत असंही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मी एसटीनं जाते. तुमच्या घरी उतरेन, तुमचे वडील दाखवतील." म्हातारी घरात शिरली की ओसरीवर टांगलेली जाळी पाहणार आणि रविवारी चर्चमध्ये, सोमवारी बाजारात सगळ्यांना माझं सोयाबीन कळणार.

म्हणून मीच नेलं, आणि हिशेबानं नेलं. बाबा पहाटे पाण्यात उतरतात, दुपारी घरी झोपतात. भर दुपारी सिस्टरांना थेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर न्यायचं, दुसऱ्या कोणा ढिवराशी गाठ घालून द्यायची आणि घरी न जाता परतायचं. संक्रांत होऊन गेली होती, ऊन कोवळं होतं. पाळीवर चढलो आणि पाहतो तर बाबा छातीभर पाण्यात, एकटेच जाळं ओढताहेत. आपण करतो एक अन् होतं एक.

त्यांनी आम्हाला पाहिलं. मला, आणि माझ्याशेजारी पांढऱ्या साडीतल्या बाईंना. जाळं तिथंच खुंटीला अडकवलं आणि आमच्याकडे न येता तिरपे गेले, बेशरमाच्या झुडपांआड. बाहेर आले तेव्हा धोतर आणि पूर्ण बटणं लावलेला सदरा अंगावर. अंग पुसलेलं नव्हतं. सदरा छातीला चिकटला होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"राम राम बाई," ते म्हणाले. "मी याचा बाप. आमची शेती हाये इकडं, सोयाबीन. आज सहज उतरलो पान्यात, गंमत मनून."

मनगटावर त्यांच्या खवले चिकटलेले होते. सिस्टरांनी ते पाहिले, सदरा पाहिला आणि काहीच न झाल्यासारखं आपलं कोडं त्यांच्यापुढं ठेवलं. रात्रभर मासे धरणारा माणूस, काठावर ओळखीचा कोणी, आणि उडी मारण्याआधी कपडे.

बाबांच्या डोळ्यांत उत्तर आलेलं मला दिसलं. ओठही हलले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "आमाले नाई समजत बाई. आमी कास्तकार लोक. हे तं ढिवरायले विचारा लागन."

मला स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली. पंचाहत्तरीचा माणूस, अख्खं आयुष्य ज्या पाण्यात गेलं त्या पाण्यापुढं उभा राहून मी ढिवर नाही म्हणतो, आणि कोणासाठी, तर माझ्यासाठी. सिस्टर वही मिटू लागल्या होत्या.

"सिस्टर, थांबा," मी म्हणालो. "हे ढिवरच आहेत. आमच्याकडं शेती नाही, कधीच नव्हती. मी ढिवराचा पोरगा आहे. तुम्हाला खोटं सांगितलं, सगळ्या वरोऱ्याला खोटं सांगितलं."

"काऊन सांगतं बे?" बाबा हळूच म्हणाले. त्यांना धक्का बसला होता. "चाललं होतं ना चांगलं."

"नव्हतं चाललं," मी म्हणालो. "तुम्ही सांगा त्याईले. तुम्हाले माहीत आहे."

सिस्टर पाळीवरच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी वही पुन्हा उघडली. बाबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तेही खाली बसले. आणि बोलायला लागले तसे बोलतच राहिले.

"पान्यात लंगोटीच पायजे बाई. कपडा वला झाला का जड होते, खाली ओढते. बटन जाळ्यात अटकते. तो मानूस उघडा होता यात काईच नवल नाई, कामाचा मानूस होता. अन् घातला काऊन, तं पान्यात कोन पायते? मासोळी. काठावर मानसं रायते. काठावर जाचं तं अंगावर पायजे. मोठ्या मानसापुढं लंगोटीवर जाईन का मी? वला झाला तं झाला."

सिस्टर भराभर लिहीत होत्या. "पण त्याला इतकी घाई," त्या म्हणाल्या, "की नाव काठाला लागेपर्यंत थांबला नाही. तरी कपड्यासाठी थांबला."

"काठावर होता तरी कोन?" बाबांनी विचारलं.

"त्याचा गुरू. आणि थोड्याच दिवसांपूर्वी, गुरूला पकडलं तेव्हा, लोकांनी याला विचारलं होतं, तू त्याच्या शिष्यांतला ना? हा तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही."

मी पाण्याकडे पाहत राहिलो. बाबांच्या बाजूला मान वळवायची माझी हिंमत नव्हती.

"मंग शरमला असन थो," बाबा म्हणाले. "शरमेचा मानूस उघडा नाई जात. पन गेला ना. पोहत गेला. हे चांगलं केलं." मग त्यांनी सिस्टरांना विचारलं, "अन् गुरू काय मनला त्याले? रागावला असन."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं काठावर निखारे करून ठेवले होते, त्यावर मासे भाजत होते. म्हणाला, या, जेवून घ्या."

बाबांनी मान डोलावली. सदऱ्याची बाही वर सारली, मनगटावरचा एक खवला नखानं काढला आणि माझ्याकडं वळले.

"तू जेवला काय?"

"नाही," मी म्हणालो. "सकाळपासून काहीच नाही."