देवभीरूची खुर्ची

डॅनियलचा फोन आला तेव्हा इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये बर्फ पडत होतं. "बाबा गेले," एवढं मराठीत बोलून तो इंग्रजीत शिरला. मग म्हणाला, "दहा लोक जमतील ना?"

त्याचे बाबा, आमचे रूबेनकाका, अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. निवृत्त इंजिनिअर. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. तिथे ते प्राचीन काळी देशोदेशी पांगलेल्या ज्यूंवरची पुस्तकं न्यायला येत. पुढे ते मला मलिद्याला, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रार्थनेला, घरी बोलावू लागले. मधे गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट, भोवती प्रार्थना म्हणणारी माणसं. पहिल्या वेळी कुठे बसावं ते न कळून मी दारापाशीच्या खुर्चीवर टेकलो. काका हसले. "बरोब्बर बसलास. तू आमचा देवभीरू!"

"मी कसला देवभीरू? वर्षातून एकदा देवळात जातो."

"तसा नव्हे रे..." आणि चहा गार होईपर्यंत समजावत राहिले. दोन हजारांवर वर्षांपूर्वी इजिप्तच्या अलेक्झांड्रियातल्या ज्यूंची मुलं हिब्रू विसरली, म्हणून त्यांनी आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं. मग शहरोशहरीच्या सभास्थानांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहांत, ते ऐकायला परकेही येऊन बसत, धर्म न बदलता. त्यांना देवभीरू म्हणत. येशूचे ज्यू अनुयायी याच सभास्थानांतून बोलत फिरले, तेव्हा त्यांचं मनावर घेणाऱ्यांत हे देवभीरू पुष्कळ होते. "आतले ज्यू यांना आपल्यात मोजत नव्हते, आणि आमचं शास्त्र जगभर नेलं ते यांच्यासारख्यांनीच," काका म्हणत. त्यात तक्रार नसे, थोडी गंमत असे.

आपल्यामागे घरी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटली जावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या प्रार्थनेला त्यांच्या रीतीप्रमाणे दहा ज्यू पुरुष लागतात. दफनाच्या संध्याकाळी नऊच आले. डॅनियल सारखा खिडकीशी जात होता. "तुला धरून दहा झाले असते रे," काकू म्हणाल्या. पण मी धरला जात नाही, हे काकांनीच मला शिकवलं होतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्यातलेच एक वृद्ध दंतवैद्य राहत. बर्फात ड्राइव्ह करायला ते धजावत नव्हते. मी गाडीची काच खरवडली, त्यांना घेऊन आलो आणि दंड धरून पायऱ्या चढवल्या. ते आत गेले, प्रार्थना सुरू झाली. मला 'आमेन' तेवढं कळलं.

परवा काकूंकडे गेलो. काकांचे कपडे, बरीचशी पुस्तकं देऊन झाली आहेत. दारापाशीची खुर्ची मात्र तिथेच होती, तिच्यावर घरातल्यांचे कोट पडले होते. काकूंनी ते उचलले आणि म्हणाल्या, "बस."